प्रोबेट प्रकरणात न्यायाधीश बाजूला कधी होतात, बदलतात कधी आणि बदलून मागता येतात कधी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याची न्यायालयाने दिलेली मान्यता. मृत्युपत्राच्या भांडणात भावंडांचा एकमेकांवरचा विश्वास आधीच उडालेला असतो. मग तो संशय हळूहळू डायसवर बसलेल्या माणसापर्यंत पोहोचतो. आमच्याकडे सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरे महाराष्ट्रातील न्यायालयांना धरून आहेत. बहुतेक विचारणाऱ्यांना न्यायाधीश बदलून हवे असतात. खरी गरज मात्र बऱ्याचदा अपिलाची किंवा मालमत्ता सुरक्षित करण्याची असते. दोन्ही वेगळे कसे, ते ठिकठिकाणी सांगितले आहे.

१. प्रोबेट कोर्ट म्हणून वेगळं कोर्ट असतं का? आमचं प्रकरण नक्की कोणापुढे आहे?

वेगळे कोर्ट नाही. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम २६४ प्रमाणे प्रोबेट देण्याचा आणि रद्द करण्याचा अधिकार जिल्हा न्यायाधीशांना आहे, आणि कलम ३०० ने तोच अधिकार उच्च न्यायालयालाही दिला आहे. मुंबई शहरात हे काम मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत, टेस्टामेंटरी (मृत्युपत्रविषयक) विभागात चालते. शहर दिवाणी न्यायालयाला हा अधिकार नाही. जिल्ह्यांत अर्ज जिल्हा न्यायालयात जातो. मुंबई दिवाणी न्यायालये अधिनियम, १८६९ च्या कलम २८-अ खाली उच्च न्यायालयाने अधिकार दिले असतील, तर दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्यापुढेही चालतो.

न्यायाधीश बदलण्याचा अर्ज कोणाकडे करायचा, हे यावरूनच ठरते. म्हणून आधी रोजनाम्याच्या (प्रत्येक तारखेच्या कामकाजाच्या नोंदीच्या) नकलेवर न्यायालयाचे नाव आणि न्यायाधीशांचे पद पाहून घ्या. २०२५ च्या अखेरीस संसदेने उत्तराधिकार अधिनियमाचे कलम २१३ वगळले आणि मुंबईतील मृत्युपत्रांसाठीची प्रोबेटची सक्ती गेली. तरी प्रोबेट मागता येतेच, आणि वादाची प्रकरणे चालूच आहेत.

२. न्यायाधीश ‘बाजूला होतात’ म्हणजे काय? हे कुठल्या कलमात आहे?

आपण निःपक्षपाती राहू शकणार नाही, किंवा तसे लोकांना वाटायला सबळ जागा आहे, असे दिसले की न्यायाधीश ते प्रकरण ऐकायचे नाकारतात. उच्च न्यायालयात यासाठी ‘नॉट बिफोर मी’ हे तीन शब्द ऐकू येतात आणि प्रकरण त्यांच्या बोर्डावरून (सुनावणीच्या यादीवरून) उतरते.

दिवाणी प्रक्रिया संहितेत यासाठी कलम शोधायला जाऊ नका, मिळणार नाही. हा सगळा कायदा निकालांतून आणि संकेतांतून घडला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांनी ७ मे १९९७ रोजी न्यायिक जीवनमूल्यांचा ठराव स्वीकारला. कुटुंबीय, जवळचा नातलग किंवा मित्र यांचा संबंध असलेले प्रकरण न्यायाधीशाने ऐकू नये, असे त्यात म्हटले आहे. बाजूला होताना कारण सांगायचे की नाही, यावर अजून एकवाक्यता नाही. २०१५ मध्ये न्यायिक नियुक्ती आयोगाच्या प्रकरणात न्या. कुरियन जोसेफ यांनी कारणे द्यावीत असे लिहिले, तर न्या. मदन लोकूर यांनी याबाबत नियम करण्याची वेळ आली आहे असे म्हटले. नियम अजून झालेले नाहीत.

३. कोणत्या कारणांवर न्यायाधीशांनी बाजूला व्हायलाच हवं?

सर्वांत कडक नियम पैशाच्या हितसंबंधाचा आहे. निकालातून न्यायाधीशांचा स्वतःचा आर्थिक फायदा-तोटा होणार असेल, तर रक्कम कितीही लहान असो, ते बसू शकत नाहीत. १८५२ च्या इंग्लंडमधील डाइम्स प्रकरणात खुद्द लॉर्ड चॅन्सलरचा हुकूम रद्द झाला, कारण दाव्यातील कालवा कंपनीचे शेअर्स त्यांच्याकडे होते. त्यांच्यावर प्रत्यक्ष पक्षपाताचा आरोप कोणी केलेला नव्हता. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने १९५७ च्या माणकलाल प्रकरणात हेच तत्त्व मानले.

प्रोबेटमध्ये हे कसे दिसते? न्यायाधीशांना किंवा त्यांच्या घरच्यांना मृत्युपत्राने काही मिळत असेल. ते मृत्युपत्राचे व्यवस्थापक (एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्र अमलात आणणारे) असतील. साक्षांकन करणारे साक्षीदार असतील. वकिली करत असताना त्यांनीच तो मसुदा केला असेल किंवा याच कुटुंबाच्या वाटपाच्या दाव्यात कोणाची बाजू लढवली असेल. शेवटचे कारण जिल्ह्याच्या ठिकाणी वाटते त्याहून जास्त वेळा निघते. जुनी वकीलपत्रे तपासून पाहा.

पैशाचा संबंध नसेल तेव्हा कसोटी ‘रास्त भीती’ची. १९८७ च्या रणजित ठाकूर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की आपण निःपक्षपाती आहोत का, हे न्यायाधीशाने स्वतःच्या मनाला विचारून भागत नाही. समोरच्या पक्षकाराच्या मनात काय येईल, ते पाहायचे. पण ती भीती रास्त हवी. न्यायाधीश एकाच तालुक्याचे, एकाच जातीचे किंवा त्यांचे खाते मयताच्याच बँकेत, एवढ्याने काही होत नाही.

४. साहेबांनी आमच्याविरुद्ध अंतरिम हुकूम दिला. वर साक्षीच्या वेळी आमच्या वकिलांना सुनावलं. एवढं पुरे ना?

नाही. विरुद्ध हुकूम म्हणजे पक्षपात नव्हे. त्यासाठी अपील आणि संविधानाच्या अनुच्छेद २२७ ची (उच्च न्यायालयाच्या देखरेखीच्या अधिकाराखालची) याचिका आहे. कायद्याच्या एखाद्या मुद्द्यावर न्यायाधीशांनी आधी मत दिले आहे, हेही कारण चालत नाही. भूसंपादनाच्या इंदूर विकास प्राधिकरण प्रकरणात ऑक्टोबर २०१९ मध्ये न्या. अरुण मिश्रा यांनी नेमक्या याच मागणीवर बाजूला व्हायला नकार दिला होता.

प्रोबेटमध्ये आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. इथे न्यायाधीश नुसता पंच नसतो. मृत्युपत्राभोवती संशयास्पद परिस्थिती असेल, तर तो संशय फिटून न्यायालयाची खात्री पटावी लागते, हे १९५९ पासूनचे प्रस्थापित तत्त्व आहे. त्यामुळे “सही थरथरती का आहे?”, “मृत्युपत्र लिहिताना मोठा मुलगाच तिथे का होता?” असे प्रश्न ते स्वतःहून विचारतील, टोचून विचारतील. तो त्यांच्या कामाचा भाग आहे. मात्र पुरावा संपण्याआधीच “हे मृत्युपत्र बनावट आहे, तुम्हाला काही मिळणार नाही” असे भर कोर्टात म्हटले गेले आणि ते दाखवता आले, तर गोष्ट वेगळी.

५. आधी त्याच न्यायाधीशांना सांगायचं की थेट वर अर्ज करायचा?

माझ्या मते आधी तिथेच. तुम्हाला कळलेली गोष्ट त्यांच्या ध्यानातही नसेल. दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे वकीलपत्र कोणाला आठवते? साधा, दोन परिच्छेदांचा अर्ज आणि सोबत कागद. योग्य कारण असेल तर बरेच न्यायाधीश स्वतःच प्रकरण वर पाठवतात.

मात्र न्यायाधीशांना घरी भेटणे, पत्र किंवा मेसेज पाठवणे, ओळखीच्या माणसाकरवी निरोप देणे यांपैकी काहीही करू नये. निनावी पत्र तर अजिबात नको. न्यायाधीशांनी नकार दिला, तर त्या हुकुमावर स्वतंत्र अपील नाही. पुढचे मार्ग तीन: बदलीचा, म्हणजे प्रकरण दुसऱ्या न्यायालयाकडे देण्याचा अर्ज (प्रश्न ६), अनुच्छेद २२७ ची याचिका, किंवा अंतिम निकालाविरुद्धच्या अपिलात संहितेच्या कलम १०५ प्रमाणे तो मुद्दा घेणे.

६. कलम २४ चा अर्ज कोणाकडे करायचा?

दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम २४ हे यातले मुख्य हत्यार. जिल्हा न्यायालय किंवा उच्च न्यायालय कोणत्याही टप्प्यावर प्रकरण एका न्यायालयाकडून काढून दुसऱ्या सक्षम न्यायालयाकडे देऊ शकते. उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम २६८ ने ही संहिता प्रोबेटला, जिथवर परिस्थितीत बसेल तिथवर, लागू केली आहे.

प्रकरण वरिष्ठ स्तर किंवा अतिरिक्त जिल्हा न्यायाधीशांपुढे असेल, तर प्रधान जिल्हा न्यायाधीशांकडे जा. तक्रार त्यांच्याचबद्दल असेल किंवा प्रकरण दुसऱ्या जिल्ह्यात न्यायचे असेल, तर उच्च न्यायालय. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांसाठी १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचे सर्किट बेंच आहे. तिथल्या पक्षकारांना यासाठी मुंबई गाठण्याची गरज उरलेली नाही. प्रकरण दुसऱ्या राज्यात न्यायचे तर कलम २५ खाली सर्वोच्च न्यायालय. तो अर्ज उथळ किंवा त्रास देण्यासाठी केलेला ठरला, तर २,००० रुपयांपर्यंत भरपाई लावता येते. रक्कम आजच्या मानाने किरकोळ आहे, पण तसा शेरा रेकॉर्डवर येणे परवडत नाही.

पक्षकाराच्या अर्जावर निर्णय होण्याआधी इतर पक्षांना नोटीस जाते. न्यायालय आपणहून बदली करत असेल, तर नोटिशीची अट नाही. प्रकरण बदलले म्हणून कोर्ट फी पुन्हा भरावी लागत नाही.

७. आमचं प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातच आहे. तिथे कोण बदलतं?

मुख्य न्यायमूर्ती. कोणते काम कोणत्या न्यायमूर्तींकडे, हे ठरवण्याचा अधिकार फक्त त्यांचा आहे. ‘मास्टर ऑफ द रोस्टर’ म्हणतात ते हेच. टेस्टामेंटरी काम पाहणाऱ्या न्यायमूर्तींनी प्रकरण ऐकायला नकार दिला, की रजिस्ट्री (न्यायालयाचे कार्यालय) कागद प्रशासकीय बाजूने फिरवते आणि ते दुसऱ्या बोर्डावर येते. अमुक न्यायमूर्तींकडेच द्या, असे पक्षकाराला मागता येत नाही. रोस्टर ठरावीक काळाने बदलतेच; कित्येकदा तुम्ही काही न करताच न्यायमूर्ती बदललेले असतात.

८. अर्जात काय लिहावं? न्यायालयाचा अवमान तर होणार नाही?

तारीख, वार, काय घडले, कोण हजर होते आणि रोजनाम्यात त्याची नोंद काय आहे, एवढे लिहा. विशेषणे गाळा. “साहेब विरुद्ध पक्षाला मिळालेले आहेत” हे वाक्य पुराव्याशिवाय लिहिले, की अर्ज तिथेच मेला.

न्यायालय अवमान अधिनियम, १९७१ चे कलम ६ इथे कामी येते. दुय्यम न्यायालयाच्या न्यायाधीशाबद्दल सद्भावनेने उच्च न्यायालयाकडे किंवा दुसऱ्या दुय्यम न्यायालयाकडे केलेले कथन अवमान ठरत नाही. भर ‘सद्भावनेने’ या शब्दावर आहे. तेच कथन व्हॉट्सॲप गटात टाकले, तर हे संरक्षण मिळणार नाही.

वकील अशा अर्जावर सही करायला कचरतात, याचा राग धरू नका. १९५० च्या दशकात नागपूर उच्च न्यायालयातील दोन वकिलांनी खंडपीठावर हेत्वारोप करणाऱ्या बदलीच्या अर्जावर सह्या केल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की आरोपांना आधार आहे का, याची खात्री न करता सही करणारा वकील स्वतः अवमानाचा दोषी ठरतो.

९. बदलीचा अर्ज केला की मूळ प्रकरण थांबतं का? तोवर भावाने फ्लॅट विकला तर?

आपोआप थांबत नाही. स्थगिती वेगळी मागावी लागते आणि ती मिळेपर्यंत नेमलेल्या तारखेला हजर राहावे लागते. “अर्ज केला आहे” म्हणून गैरहजर राहिलेल्यांचा उलटतपास बंद झालेला आम्ही पाहिला आहे.

मालमत्तेची काळजी न्यायाधीश बदलून मिटत नाही. मृत्युपत्राच्या वैधतेचा दावा चालू असेपर्यंत मालमत्ता सांभाळायला उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम २४७ खाली प्रशासक नेमून घेता येतो. त्याला वाटप करता येत नाही आणि तो न्यायालयाच्या देखरेखीखाली काम करतो. मनाईचा अर्जही करता येतो. हे दोन्ही सध्याच्या न्यायाधीशांकडेच मागावे लागेल. ते मागितले म्हणून आक्षेप सोडला असे होऊ नये, यासाठी अर्जात “बदलीच्या अर्जातील हक्क अबाधित ठेवून” असे लिहा.

१०. जजसाहेबांची बदली झाली. सगळ्या साक्षी पुन्हा होणार का?

सहसा नाही, आणि हे उत्तर ऐकून लोकांच्या जिवात जीव येतो. संहितेच्या आदेश १८ नियम १५ प्रमाणे मृत्यू, बदली किंवा इतर कारणाने न्यायाधीशांना सुनावणी पूर्ण करता आली नाही, तर नवे न्यायाधीश आधीचा पुरावा जणू आपणच नोंदवला असे समजून, जिथे काम थांबले तिथून पुढे नेऊ शकतात. ‘इतर कारण’ यात स्वतःहून बाजूला होणेही येते. कलम २४ खाली बदललेल्या प्रकरणालाही हाच नियम लागू आहे. बदलीचा हुकूम देणाऱ्या न्यायालयाने वेगळे सांगितले असेल, तर तसे.

प्रोबेटमध्ये याची एक बोचरी बाजू आहे. मृत्युपत्र साक्षांकन करणाऱ्या साक्षीदारावर उभे असते, आणि तो बहुधा मयताच्या वयाचा असतो. त्याने एकदा साक्ष दिली आणि नंतर तो वारला, तर नव्या न्यायाधीशांच्या हाती उरतो तो कागद. उलटतपासात तो कुठे अडखळला, कोणाकडे पाहून उत्तर देत होता, हे कागदावर उतरत नाही. आदेश १८ नियम १२ खाली साक्षीदाराच्या वागण्याची नोंद न्यायाधीश करू शकतात. तशी नोंद करण्याची विनंती त्याच दिवशी करा. साक्षीदार हयात असेल आणि खरोखर गरज असेल, तर नियम १७ खाली त्याला पुन्हा बोलावता येते. पण आधीच्या साक्षीतील भोके बुजवण्यासाठी ही सोय नाही.

पूर्ण फेरसुनावणीचा हुकूम तेव्हाच मागावा, जेव्हा आक्षेप पुरावा नोंदवण्याच्या पद्धतीवरच आहे: प्रश्न अडवले गेले, उत्तरे वेगळीच लिहिली गेली, असे.

११. युक्तिवाद संपला, निकाल राखून ठेवला आणि बदलीची ऑर्डर आली. आता?

निकाल लिहून झाला होता का, यावर सगळे ठरते. लिहून झाला होता आणि फक्त जाहीर व्हायचा होता, तर आदेश २० नियम २ प्रमाणे नव्या न्यायाधीशांनी तो जाहीर करायचा. लिहिलेला नसेल, तर नवे न्यायाधीश युक्तिवाद पुन्हा ऐकतील. ज्याने ऐकले त्यानेच ठरवावे, हा साधा न्याय. पुराव्याचे काय, ते प्रश्न १० मध्ये आहे. लेखी युक्तिवाद आधीच दाखल केलेला असेल, तर ही दुसरी फेरी बरीच लवकर आटोपते.

१२. बहिणीने हरकत घेतली आणि कोर्टाने आमचे कागदच परत दिले. न्यायाधीशांनी अंग काढून घेतलं का?

तसे नाही. उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम २६५ खाली उच्च न्यायालय काही न्यायिक अधिकाऱ्यांना जिल्हा न्यायाधीशांचे प्रतिनिधी म्हणून नेमते, पण फक्त विनावाद प्रकरणांसाठी. कोणी विरोधाला उभे राहिले, की कलम २८६ प्रमाणे प्रतिनिधीचा हात थांबतो आणि कलम २८८ प्रमाणे कागद अर्जदाराला परत मिळतात. ते जिल्हा न्यायाधीशांपुढे दाखल करायचे. तिथे कलम २९५ प्रमाणे अर्जाला दाव्याचे रूप येते: तुम्ही वादी, बहीण प्रतिवादी.

फसगत होते ती इथे. मुंबई दिवाणी न्यायालये अधिनियमाच्या कलम २८-अ खाली (प्रश्न १) अधिकार मिळालेले वरिष्ठ स्तर न्यायाधीश हे असे प्रतिनिधी नव्हेत. त्यांना दिलेले अधिकार जिल्हा न्यायाधीशांचे असतात. विरोध आला म्हणून तिथे कागद आपोआप परत मिळत नाहीत. अधिकार देणाऱ्या हुकुमात मर्यादा काय घातली आहे, ते पाहावे लागते.

१३. काकांनी ऐन साक्षीच्या वेळी जजसाहेबांच्या मेहुण्यांना वकील म्हणून आणलं. आता आम्हालाच न्यायाधीश बदलावे लागणार?

हा डाव जुना आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांप्रमाणे न्यायाधीशांच्या नात्यातील वकिलाने त्यांच्यापुढे उभे राहायचे नाही, आणि त्या नात्यांच्या यादीत मेहुणेही येतात. म्हणजे दूर व्हायचे ते वकिलाने. वकीलपत्र दाखल होताच लेखी हरकत घ्या आणि नियमाचा आधार द्या. न्यायाधीशांनी बाजूला व्हावे अशी मागणी इथे चुकूनही करू नका. काकांना तेच हवे आहे.

१४. सगळ्या वारसांची ना-हरकत असेल, तर नातेवाईक असलेल्या न्यायाधीशांपुढे चालेल का?

१९९७ च्या ठरावात शेअर्सच्या बाबतीत अशी सोय आहे: न्यायाधीशांनी सांगितले आणि कोणी हरकत घेतली नाही, तर ते ऐकू शकतात. नातलग आणि मित्रांसाठी अशी सूट लिहिलेली नाही.

माझ्या मते प्रोबेटमध्ये संमतीवर विसंबूच नये. प्रोबेटचा निकाल फक्त हजर पक्षकारांवर नव्हे, साऱ्या जगावर बंधनकारक असतो. उद्या एखादा धनको किंवा परदेशातला पुतण्या “मला विचारलंच नव्हतं” म्हणत उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम २६३ खाली प्रोबेट रद्द करायला आला, तर आजच्या ना-हरकतीचा उपयोग काय?

१५. निकाल लागल्यावर कळलं की न्यायाधीश विरुद्ध पक्षाचे जुने वकील होते. आता काही करता येईल?

आधी माहीत होते की नव्हते, हा पहिला प्रश्न तुम्हालाच विचारला जाईल. माहीत असून गप्प बसलात आणि हरल्यावर बोलताय, तर आक्षेप सोडून दिला असे धरतात. माणकलाल प्रकरणात, आक्षेपात तथ्य असूनही, नेमके हेच झाले. खरोखर नंतर कळले असेल, तर कधी आणि कसे कळले याचे शपथपत्र देऊन अपिलात मुद्दा घ्या. जिल्हा न्यायाधीशांच्या हुकुमावर उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम २९९ प्रमाणे उच्च न्यायालयात अपील होते. पक्षपात सिद्ध झाला, तर निकाल बरोबर होता की चूक, हा मुद्दा मागे पडतो.

१६. पुनर्विलोकनाचा आणि प्रोबेट रद्द करण्याचा अर्ज त्याच न्यायाधीशांपुढे कसा काय?

पुनर्विलोकन म्हणजे स्वतःची चूक स्वतः पाहणे. म्हणून आदेश ४७ नियम ५ प्रमाणे, ते न्यायाधीश त्याच न्यायालयात असतील आणि अर्जानंतर सहा महिने गैरहजेरी वा इतर कारणाने अडलेले नसतील, तर अर्ज त्यांनीच ऐकायचा असतो. प्रोबेट रद्द करण्याचा अर्ज वेगळा. तो त्याच न्यायालयात जातो आणि योगायोगाने तेच न्यायाधीश असले तरी अडत नाही, कारण मुद्दा सहसा आधी न आलेल्या गोष्टींचा असतो. स्वतःच्या निकालावरचे अपील मात्र कोणी ऐकू शकत नाही. बढती मिळून वर गेले असले, तरीही.

१७. कोर्टच नको. घरातल्यांनी मिळून लवाद नेमला तर?

मृत्युपत्र खरे की खोटे, हे लवाद ठरवू शकत नाही. १९९३ मध्ये गोएंका कुटुंबाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा अधिकार फक्त प्रोबेट न्यायालयाचा असल्याचे सांगितले. वाटपावर तडजोड जरूर करा. मृत्युपत्राच्या खरेपणावर तडजोड होत नाही.

१८. आम्हाला न्यायाधीश नाही, एक्झिक्युटर बदलायचा आहे. हाच अर्ज चालेल का?

नाही, तो मार्ग स्वतंत्र आहे. उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम ३०१ प्रमाणे खासगी व्यवस्थापकाला निलंबित करणे, काढणे आणि त्याच्या जागी दुसरा नेमणे हा अधिकार उच्च न्यायालयाचा आहे. तो हिशेब देत नाही, मालमत्ता स्वतःच्या नावावर फिरवतो, वर्षानुवर्षे वाटप करत नाही, अशी ठोस कारणे लागतात. प्रोबेट अजून मिळालेच नसेल, तर आधी प्रश्न ९ मधील प्रशासकाचा मार्ग पाहा.